एक ट्रिप मागा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गावांनी बस कशी मिळवावी

बस मागताना आपल्याकडची बहुतेक गावं एकच वाक्य लिहितात: "आमच्या गावाला जादा बस सोडाव्यात, ही नम्र विनंती." खाली पंचायत अध्यक्षांची सही-शिक्का, मागं दोनशे सह्या, आणि निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात. बस काही येत नाही. आमच्या गावानं असली निवेदनं सलग दोन वर्षं दिली. शेवटी गावातल्याच एका निवृत्त बस-कंट्रोलर मामांनी आमची प्रत हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "जादा म्हंजे किती? कुठल्या वेळंला? कुठनं कुठं? हे वाचून डेपो मॅनेजरनं उद्या सकाळी करायचं काय?" आमच्यातल्या एकाकडंही उत्तर नव्हतं.

मामांच्या त्या प्रश्नावरच आमची पुढची सगळी धडपड उभी राहिली. एका वेळी एकच ट्रिप मागायची, ती आकड्यांनिशी मागायची आणि मिळेपर्यंत त्याच कागदाचा पाठलाग करायचा. बेळगावच्या पश्चिमेची गावं असोत, खानापूरचा जंगलपट्टा असो की निपाणीकडचा ऊसपट्टा, रीत हीच. बदलतात ती फक्त कार्यालयं.

गाडी कुणाची, खासदार कुणाचा

आपल्याकडच्या सरकारी बस वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या. हे महामंडळ १९९७ साली केएसआरटीसीतून, म्हणजे राज्याच्या मूळ एसटी महामंडळातून, वेगळं झालं आणि त्याचं मुख्य कार्यालय हुबळीत आहे. बेळगाव जिल्ह्यात त्याचे दोन विभाग आहेत. खानापूर, बैलहोंगलचे डेपो बेळगाव विभागात येतात. निपाणी, संकेश्वर, गोकाक, अथणी चिक्कोडी विभागात. निपाणीजवळच्या गावानं बेळगावला निवेदन दिलं तर ते कुणी फेकून देणार नाही, पण फिरत फिरत चिक्कोडीला पोचेपर्यंत शाळेचं निम्मं वर्ष जाईल.

इथं एक साधी गफलत होते. विभागाच्या प्रमुखाला, म्हणजे विभागीय नियंत्रकाला, बोलताना 'डीसी' म्हणतात आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही 'डीसी'च म्हणतात. "डीसी ऑफिसात दिलंय" असं कुणी सांगितलं की कुठल्या डीसींना दिलं हे विचारून घ्या. आमचा एक अर्ज असाच भलत्या इमारतीत जाऊन बसला होता.

नवा थांबा देणं, वेळेत बदल करणं, ट्रिप पुढं वाढवणं ही कामं डेपो आणि विभागाच्या पातळीवर होऊ शकतात. नव्या गाड्या आणि चालक-वाहकांची भरती हा हुबळी-बेंगळुरूचा विषय आहे. म्हणून पहिली मागणी विभागातच सुटेल अशी ठेवा.

लोकप्रतिनिधीही नीट बघून धरा. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात जातो. काकती शहराला लागून, तरी ती विधानसभेला यमकनमर्डीत आणि लोकसभेला चिक्कोडीत. निपाणीही चिक्कोडीत. आपल्या मतदारसंघाबाहेरच्या नेत्याला हार घालून निवेदन देण्यात गावाचा अख्खा दिवस जातो, आणि त्या नेत्याला पुढं कुणाशी बोलावं हा प्रश्न पडतो.

फाट्यावरची वही

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. हे पक्कं झालं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

एक शंभर पानी वही आणि फाट्यावर आळीपाळीनं उभी राहणारी पाच-सहा मुलंमुली एवढं पुरतं. सलग दोन आठवडे, सोमवार ते शनिवार, सकाळी पहिल्या बसपासून साडेनऊपर्यंत नोंद ठेवायची. रकाने असे आखा: बसची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आली ती वेळ, गाडीचा नंबर (केए २२ एफ किंवा केए २३ एफच्या पुढचे आकडे), चढलेल्या बायका, चढलेले पुरुष, त्यांतले विद्यार्थी, आणि शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे: राहिले किती, आणि राहिलेल्यांनी काय केलं.

हे शेवटचे दोन रकाने का हवेत, तेही मामांनीच समजावलं. कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये चढलेल्या माणसाची नोंद राहते. कुठल्या स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, किती तिकिटं फाटली, हे डेपोला बसल्या जागी कळतं. पण जो चढूच शकला नाही, त्याची नोंद जगातल्या कुठल्याच मशीनमध्ये नसते. डेपोच्या हिशेबात तो माणूस अस्तित्वातच नाही. त्याला कागदावर आणण्याचं काम आपणच करायचं.

वहीतली ओळ समजा अशी असेल: 'मंगळवार. ठरलेली ७.१०, आली ७.२५. बायका १९, पुरुष १२, राहिले १४. नऊ टमटमनं, तीन दुचाकीवर, दोन घरी परत.' अशा बारा दिवसांच्या ओळी एका पानावर उतरवल्या की ते पान दोनशे सह्यांपेक्षा भारी ठरतं. आमच्या वहीत 'घरी परत'च्या रकान्यात पुन्हा पुन्हा येणारी नावं पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलींची होती. दारात लटकून जायला मुलगे तयार होतात, मुली होत नाहीत, आणि त्यांना तसं जाऊ देऊही नये. आठवड्यातले दोन दिवस वर्ग बुडाले की घरात बोलणं सुरू होतं, "एवढं करून शिकायचं कशाला?" त्या रकान्यानंच आम्हाला पुढची दोन वर्षं चालतं ठेवलं.

कुठल्या दिवशी मोजायचं नाही, तेही ठरवा. पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जादा गाड्या जातात, निवडणुकीत बस त्या कामाला लागतात, परीक्षा संपल्या की गर्दी उतरते. असे दिवस घेतले तर डेपो एका वाक्यात तुमची वही बाजूला सारेल. आकडे फुगवूही नका. तिकीट मशीनशी ते ताडून बघता येतात, आणि एकदा खोटे ठरले की पुढं त्या गावाच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास बसत नाही.

संध्याकाळची मोजणी गावात होत नाही. त्यासाठी दोघांनी बेळगावच्या सीबीटीवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) किंवा खानापूर, निपाणीच्या स्टँडवर उभं राहायला हवं. शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि ती गेल्यावर किती माणसं मागं उरतात, हे लिहा. कापड दुकानात, दवाखान्यात काम करणाऱ्या बायका रात्री आठला सुटतात. गावाची शेवटची बस त्याआधी गेली असेल, तर त्यांच्यासाठी सकाळची बसही निरुपयोगी आहे. जायला बस आणि यायला काही नाही, अशी नोकरी कुणी किती दिवस करणार?

मोजणीबरोबर घरोघर एक साधी विचारणा करा: कोण कुठं जातं आणि तिथं किती वाजता पोचायला हवं. उद्यमबागेतली पहिली पाळी, मच्छ्याजवळचं व्हीटीयू (तंत्रशिक्षण विद्यापीठ), भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी, भाजी घेऊन बाजारात जाणाऱ्या बायका, प्रत्येकाची वेळ वेगळी असते. यातून एक वेळ अशी निघते की तिथं सगळ्यात जास्त माणसं अडलेली असतात. तीच तुमची मागणी. शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडून आणि कारखान्यांकडून लेटरहेडवर एवढंच लिहून घ्या: 'अमुक गावाहून आमच्याकडं इतके जण येतात आणि त्यांची वेळ अमुक आहे.' त्याला आढेवेढे सहसा कुणी घेत नाही.

आणि एक गोष्ट गावातल्या सगळ्या बायकांना सांगा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्यातल्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे. तरी शून्य रकमेचं तिकीट प्रत्येक वेळी मागून घ्यायचंच. सरकार महामंडळाला पैसे देतं ते या शून्य तिकिटांच्या हिशेबानं. "फुकटच आहे, कशाला पाहिजे तिकीट" म्हणून सोडलेलं प्रत्येक तिकीट म्हणजे आपल्याच मार्गाचं कागदावरचं उत्पन्न कमी. गर्दीत कंडक्टर अण्णा मागं पोचले नाहीत, तर हाक मारून घ्या.

मागायचं काय

बसचं गणित थोडं समजून घेऊ. एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि त्यांच्या दिवसभराच्या फेऱ्या, या सगळ्याला मिळून शेड्यूल म्हणतात. त्याच्या वेळापत्रकाच्या कागदाला डेपोत फॉर्म ४ म्हणतात. डेपोतल्या गाड्या आणि माणसं मोजकी असतात. म्हणून तुम्हाला मिळणारी ट्रिप बहुतेक वेळा चालू शेड्यूलमधूनच काढावी लागते. ती शेजारच्या गावाच्या तोंडची निघणार असेल, तर आधी त्या गावात जाऊन बसा. दोन गावांची एकत्र मागणी आली की डेपोला नाही म्हणायला कारण उरत नाही. भांडत आली, तर दोन्ही फायली पडून राहतात.

मागणीची चढण अशी असते. सगळ्यात स्वस्त मागणी म्हणजे विनंती थांबा, कन्नडमध्ये 'कोरिके निलुगडे'. खानापूर रस्त्यावर किंवा महामार्गावरच्या गावांसमोरून दिवसभर गाड्या जातात, फक्त थांबत नाहीत. थांब्याला गाडी लागत नाही, माणूस लागत नाही, मिनिटभर वेळ लागतो. त्यानंतर वेळेतला बदल. पहिली बस सव्वासातऐवजी सातला सुटली तर उद्यमबागेची पाळी गाठता येते, असं दाखवता आलं की काम होतं. तिसरी पायरी म्हणजे शेजारच्या गावापर्यंत येऊन वळणारी बस दोन-तीन किलोमीटर पुढं आणणं. मग चालू शेड्यूलमधली जादा ट्रिप. त्याहून वर मुक्कामाची गाडी, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण नवं शेड्यूल. पहिल्याच अर्जात नवं शेड्यूल मागणं म्हणजे उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारणं.

मुक्कामाच्या गाडीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण जंगलाकडच्या गावांना खरा आधार तीच असते. रात्री आलेली गाडी गावातच राहते आणि पहाटे निघते. शेवटची आणि पहिली, दोन्ही बस एकाच गाडीत मिळतात. पण चालक-वाहकांनी झोपायचं कुठं? समाजमंदिराच्या ओसरीवर, डासांत, पावसाळ्यात? अर्जातच लिहा: पंचायत एक खोली देईल, त्यात पंखा, दोन गाद्या, शेजारी संडास आणि पाणी असेल. नुसतं लिहू नका, खोलीचा फोटो जोडा. पहाटे पाचला चहा कुठल्या घरून येणार हेही गावानं ठरवून ठेवावं. दिवसभर गाडी हाकून आलेल्या माणसाचं एवढं करणं गावाला जड नाही.

रस्त्याचीही आधीच पाहणी करा. बस वळायला जागा आहे का, फांद्या टपाला लागतात का, मोरी खचली आहे का? कणकुंबी, जांबोटीकडं पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की बस बंद होते आणि दुरुस्ती झाल्यावरही आपोआप परत येत नाही. तिथं अर्ज आधी बांधकाम खात्याकडं किंवा जिल्हा पंचायतीकडं जायला हवा. भीमगड अभयारण्यातल्या गावांना वनखात्याशीही बोलावं लागतं. रस्ता बससाठी योग्य असल्याचं अभियंत्याकडून लेखी घेतलं, तर डेपोचा पहिला आक्षेप तिथंच संपतो.

भाड्याचं काय

५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकातल्या चारही परिवहन महामंडळांचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं. मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली भाड्याचे निर्देश राज्य सरकार देतं. त्यामुळं डेपोच्या दारात 'दरवाढ मागे घ्या' म्हणून घोषणा देऊन हाती काही लागत नाही. ते काम आमदारांमार्फत विधानसभेत करायचं. गावाच्या पातळीवर जिंकता येतील अशा गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, स्टेज. भाडं स्टेजवर ठरतं. तुमचं गाव दोन स्टेजच्या मधे असेल तर तुम्ही पुढच्या स्टेजचे पैसे भरता. आपल्या थांब्यावर स्वतंत्र स्टेज मागता येते. दुसरी, सेवेचा प्रकार. शहर, उपनगरी आणि ग्रामीण सेवेचे दर वेगवेगळे असतात. शहर वाढत वाढत येळ्ळूर, हिंडलगा, मच्छे, सांबऱ्यापर्यंत आलंय. आपल्या गावची गाडी कागदोपत्री कुठल्या सेवेत मोडते ते विचारा आणि शहराला जोडलेली असाल तर शहर सेवा मागा. तिसरी, पास. मुलींचा प्रवास शक्ती योजनेत होतो, मुलग्यांना विद्यार्थी पास काढावा लागतो आणि त्याचा अर्ज राज्य सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून भरायचा असतो. जूनमध्ये शाळेतच एक दिवस बसून सगळ्या मुलांचे अर्ज भरून घ्या. रोज कामाला जाणाऱ्या पुरुषांना मासिक पासचा हिशेब मांडून दाखवा. कित्येक जण वर्षानुवर्षं सुटं तिकीट काढत असतात.

अर्जात घरचा खर्चही येऊ द्या. बस चुकल्यामुळं टमटमला महिन्याकाठी किती जातात, याचा हिशेब चार-पाच घरांतून खरा लिहून घ्या. अधिकाऱ्यांना 'गैरसोय' हा शब्द रोज वाचायला मिळतो. शेतमजुराच्या घरातून टमटमला जाणारे रुपये तसे वाचायला मिळत नाहीत.

अर्ज कुठल्या भाषेत

घटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीतून अर्ज देणं हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण फायलीवरचे शेरे कन्नडमध्ये लिहिले जातात, आणि ते लिहिणाऱ्या कारकुनाला मजकूर एका दमात कळला तर फाईल त्याच दिवशी हलते. आम्ही वर कन्नड अर्ज, खाली मराठी अर्ज आणि शेवटी वहीचं पान, अशी एकच चळत करतो. कन्नड अर्ज गावातली कन्नड शाळेत शिकलेली मुलं लिहितात. फाट्यावर थांबणारी निम्मी माणसं कन्नड बोलणारी असतात. त्यांच्या सह्या, त्यांची नावं त्याच यादीत हवीत. बसच्या मागणीत दुसरा कुठलाही वाद मिसळू देऊ नका, मग तो मांडणारा आपला कितीही जवळचा असो.

मजकूर एवढाच पुरे:

*प्रति, मा. विभागीय नियंत्रक, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, (विभागाचं नाव). मार्फत: मा. डेपो मॅनेजर, (डेपोचं नाव).*

*विषय: (गाव) ते (ठिकाण) सकाळी ७.४० ची एक ट्रिप सुरू करण्याबाबत.*

*महोदय, आमच्या गावाहून सकाळी ७.१० ची बस सुटल्यानंतर पुढची बस ९.०० वाजता आहे. (तारीख) ते (तारीख) या १२ दिवसांत आम्ही फाट्यावर नोंद ठेवली. ७.१० च्या बसमध्ये जागा न मिळाल्यानं रोज सरासरी (संख्या) प्रवासी मागे राहिले, त्यांत (संख्या) विद्यार्थी. नोंदीचं पान, दोन शाळांची पत्रं आणि ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. (शेजारचं गाव) येथे ७.२५ ला वळणारी बस आमच्या गावापर्यंत आणल्यास ही अडचण दूर होईल. अंतर (संख्या) किलोमीटर, रस्ता डांबरी, वळण्यास जागा आहे. तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर ट्रिप सुरू करावी आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.*

'तीन महिने प्रायोगिक' हे शब्द विसरू नका. कायमचा निर्णय घेताना अधिकारी दहादा विचार करतात. तीन महिन्यांचा निर्णय घेणं त्यांनाही सोपं जातं.

दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर तारीख, शिक्का, आवक क्रमांक घ्या. कन्नडमध्ये 'स्वीकृती' मागा, लगेच कळतं. एका कार्यालयात आमचा अर्ज "ठेवून जा" म्हणून टेबलावर ठेवून घेतला. महिन्यानं गेलो तर असा अर्ज आलाच नव्हता. आमच्याकडं शिक्का नव्हता, म्हणून बोलायला तोंडही नव्हतं.

पाठपुरावा

अर्ज देऊन पंधरा दिवस झाले की दोघांनी जाऊन डेपो मॅनेजरांना भेटा. दोघांनीच. वीस जण गेले की बोलणं होत नाही, भाषण होतं. मार्ग पाहायला येतो असं ते म्हणाले तर तारीख घ्या आणि त्या दिवशी गर्दीच्या वेळी फाट्यावर त्यांना उभं करा.

ग्रामसभेचा ठराव अर्जाआधीच करून घ्या. कर्नाटकात सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा व्हावी लागते. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विषय आधी लेखी द्या, म्हणजे तो इतिवृत्तात येतो.

तालुक्याच्या केडीपी बैठकीचा उपयोग मात्र फार थोडी गावं करतात. आमदारांच्या अध्यक्षतेखाली ही आढावा बैठक होते आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात, बसवालेही. बैठकीच्या दोन दिवस आधी आमदारांच्या सहायकाच्या हातात अर्धं पान द्या: गाव, ट्रिप, वहीतला एक आकडा, अर्जाचा आवक क्रमांक. तिथं प्रश्न निघाला की उत्तर द्यावंच लागतं आणि ते नोंदवलं जातं. बेळगावच्या सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशनही असंच आहे. ते भरतं तेव्हा सगळे आंदोलनाचे तंबू बघायला जातात. आपण त्याच्या महिनाभर आधी आमदारांना लेखी प्रश्न द्यावा. परिवहन मंत्र्यांकडून आलेलं लेखी उत्तर हा पुढं वर्षभर दाखवायचा कागद होतो. राज्य सरकारची १९०२ ही तक्रार लाईनही आहे. तिथं नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

दीड-दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. इथं एक फरक लक्षात ठेवा. निवेदन मराठीत चालतं, पण माहिती अधिकाराचा अर्ज कायद्याच्या ६ व्या कलमानुसार इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा; म्हणून कन्नड किंवा इंग्रजीत लिहा. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. फी १० रुपये, बीपीएल कार्ड असेल तर माफ. मागायचं ते नेमकं मागा: त्या शेड्यूलचा फॉर्म ४, गेल्या तीन महिन्यांत रद्द झालेल्या ट्रिपांची तारीखवार यादी, आणि आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची टिप्पणी. उत्तराची मुदत ३० दिवस. रद्द ट्रिपांची यादी हातात आली की पुष्कळदा कळतं, बस कागदावर चालूच आहे, रस्त्यावर मात्र येत नाही. मग मागणीच बदलते: नवी ट्रिप नको, आहे ती चालवा.

रास्ता रोकोबद्दल स्पष्ट लिहितो. खानापूर भागात विद्यार्थी वैतागून बस अडवतात, आणि त्यांचा राग खरा असतो. पण गुन्हा नोंद झाला तर नोकरीच्या वयातल्या मुलाला तो वर्षानुवर्षं पुरतो. त्यात आपल्या भागात जमावबंदी कधी लागेल सांगता येत नाही. पोलिसांना लेखी कळवून डेपोसमोर शांतपणे बसण्याचा मार्ग आहे. तिथं मोठ्या माणसांनी पुढं बसावं, मुलांना मागं ठेवावं.

हद्दीवरच्या गाड्या

वेंगुर्ला रस्त्यावर तुरमुरी, बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळीपासून महाराष्ट्र. या रस्त्यानं दोन्ही राज्यांच्या गाड्या धावतात, पण सवलती हद्दीवर बदलतात. शक्ती योजनेसाठी कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं, आंतरराज्य गाड्यांना ती लागू नाही. महाराष्ट्र एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणून चंदगड भागातून बेळगावला कामाला येणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा आणि उचगावच्या बाईचा वेगळा. मोजणीत हे दोन गट वेगळे ठेवा.

सीमाप्रश्न पेटला की डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं तसं दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, आणि हाल होतात ते दवाखान्याला निघालेल्यांचे. अशा दिवसांत निदान हद्दीपर्यंतच्या स्थानिक फेऱ्या चालू ठेवाव्यात, अशी मागणी दोन्हीकडच्या गावांनी आपापल्या डेपोकडं आधीच देऊन ठेवावी. दोन राज्यांतला परमिटचा करार बदलायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या ८८ व्या कलमानुसार मसुदा राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावा लागतो आणि सूचनांसाठी किमान ३० दिवस ठेवावे लागतात. अशी जाहिरात दिसली की तालुक्यातल्या सगळ्या गावांनी मिळून एक सूचना पाठवा.

रेल्वेजवळची गावं

लोंढा, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर, बेळगाव, सुळेभावी या पट्ट्यातल्यांनी पॅसेंजर विसरू नये. कोविडनंतर १० रुपयांचं किमान तिकीट ३० वर गेलं होतं. देशभरातले प्रवासी मागं लागले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आलं. मासिक पास बसपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. अडचण असते ती वेळेची आणि थांब्यांची. त्यासाठी पत्र हुबळीच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना द्या, आणि विभागीय प्रवासी सल्लागार समितीत आपल्या भागातलं कोण आहे ते शोधून त्यांच्याकडून विषय बैठकीत घ्या. स्टेशनपासून गावापर्यंत जोडबस मागत असाल, तर तो अर्ज वेगळा आणि तो डेपोकडंच.

बस आल्यावर

पहिल्या दिवशी नारळ फोडा, चालक-वाहकांना टोपी-उपरणं द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडा. प्रायोगिक तीन महिन्यांत डेपो तिकिटं बघत असतो. बस मिळाली आणि गाव टमटमनंच जात राहिलं, तर ट्रिप जाईल आणि दुसऱ्यांदा मागायला तोंड उरणार नाही. पहिले दोन आठवडे पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं तरी बसनंच जा, शेजाऱ्यालाही सोबत घ्या. बस आली नाही तर त्याच सकाळी डेपोला फोन करा आणि वहीत तारीख लिहा. महिनाभरानं त्या तारखांचं एक पान नेऊन द्या, तक्रारीच्या सुरात नको. तीन महिने पुरे व्हायच्या आठवडाभर आधी नवी मोजणी जोडून 'ट्रिप कायम करावी' असा दुसरा अर्ज द्या.

आणि एप्रिल-मेकडं लक्ष ठेवा. सुट्टीत विद्यार्थी नसतात, उत्पन्न उतरतं, ट्रिप 'तात्पुरती' बंद होते आणि जूनमध्ये सुरू करायची राहून जाते. आमची पहिली ट्रिप अशीच गेली. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी, जूनच्या तोंडावरच उघडतात. म्हणून आता दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक पानी पत्र डेपोत जातं: शाळा अमुक तारखेला सुरू होत आहेत, त्या दिवसापासून ७.४० ची ट्रिप पूर्ववत सोडावी. त्यावरही शिक्का घेतो.